नीतिसूत्रे आणि रोजचं ख्रिस्ती जगणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अभ्यासगटात, घरगुती प्रार्थनेनंतरच्या गप्पांत आणि लग्न ठरलेल्या मुलामुलींशी बोलताना काही प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात. त्यांतले निवडक इथे एकत्र केले आहेत. उत्तरांचा मुख्य आधार नीतिसूत्रांचं पुस्तक आहे. वचनांचा आशय मी माझ्या शब्दांत दिला आहे, म्हणून संदर्भ दिसेल तिथे आपलं बायबल उघडा आणि मागचा-पुढचा भागही वाचा. पुस्तकाचं नाव न देता नुसते आकडे आले, जसं ११:१०, तर ते नीतिसूत्रांचा अध्याय आणि वचन समजावं.

बायबलमधलं शहाणपण म्हणजे नेमकी कोणती पुस्तकं?

जुन्या करारात ईयोब, नीतिसूत्रे आणि उपदेशक ही तीन. त्यांच्या जोडीला १, ३७, ७३ यांसारखी काही स्तोत्रं. कॅथलिक बायबलमध्ये शलमोनाचं ज्ञान आणि सिराख ही आणखी दोन पुस्तकं आहेत. नव्या करारात डोंगरावरचं प्रवचन आणि याकोबाचं पत्र याच वळणाचं आहे.

नीतिसूत्रे हे एका बैठकीत लिहिलेलं पुस्तक नाही. पहिले नऊ अध्याय म्हणजे बापानं आणि आईनं मुलाला केलेला लांब उपदेश. दहाव्या अध्यायापासून दोन-दोन ओळींची सुटी वचनं सुरू होतात. २५:१ मध्ये तर स्पष्टच लिहिलंय, की पुढची वचनं शलमोन राजाची आहेत आणि ती यहूदाचा राजा हिज्कीया याच्या माणसांनी उतरवून घेतली. हिज्कीया शलमोनानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी झाला. तिसावा अध्याय आगूर नावाच्या माणसाचा आहे. एकतिसाव्याची सुरुवात लमुएल राजाला त्याच्या आईनं शिकवलेल्या गोष्टींनी होते. पिढ्यानपिढ्या जपलेलं, पारखलेलं हे धन आहे, आणि त्यात एका आईचा आवाज आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

हे शहाणपण ऐकून वागण्याचा फायदा काय? सरळ सांगा.

पहिला फायदा तुमच्या आसपासच्या माणसांना होतो.

हे उत्तर ऐकून काही जण थोडे नाराज होतात, पण पुस्तक तसंच सांगतं. ११:१० म्हणतं, नीतिमानांचं बरं चाललं की सगळं नगर आनंद करतं. नगरानं का आनंद करावा? कारण असा माणूस दुकानात बसला तर गिऱ्हाईक फसत नाही. तो मुकादम झाला तर मजुरांची हजेरी खोटी लागत नाही. घरी आला की बायकोमुलांना त्याच्या तोंडाकडे बघून आज कसं वागायचं हे ठरवावं लागत नाही. त्याच्या शहाणपणाचं फळ आधी इतरांच्या पदरात पडतं.

स्वतःला काही मिळत नाही असं नाही. ३:२४ शांत झोपेचं वचन देतं, १४:३० म्हणतं की स्वस्थ मन शरीराला जीवन देतं. खोटं लपवायचं नसलं, कुणाची चुगली उघड होण्याची धास्ती नसली, की माणसाला झोप लागते. पण ‘मला काय मिळेल’ एवढंच धरून हे पुस्तक वाचलं तर ते लवकर बंद होतं. पुढची बरीचशी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

परमेश्वराचं भय म्हणजे सतत घाबरून राहायचं का?

नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच (१:७) या भयाला ज्ञानाचा आरंभ म्हटलंय. त्याचा अर्थ समजून घ्यायचा तर वजनकाट्याची वचनं वाचावीत. खोटा तराजू परमेश्वराला ओंगळ वाटतो (११:१). दोन तऱ्हेची वजनं आणि दोन तऱ्हेची मापं, दोन्हींचा त्याला वीट आहे (२०:१०). आणि पिशवीतली सगळी वजनं त्याच्याच हातची आहेत (१६:११). त्या काळी व्यापारी दगडाची वजनं पिशवीत बाळगत. घेताना जड आणि देताना हलकं वजन काढणं सोपं होतं, आणि पिशवीत डोकावणारं कुणी नव्हतं.

आज आपल्याकडे २००९ चा वैधमापन कायदा आहे, काट्याची तपासणी होते, शिक्का मारला जातो. तरी निरीक्षक रोज दुकानात येत नाही. दुधात किती पाणी घातलं, दुरुस्तीला आलेल्या मिक्सरचा खरोखर कोणता भाग बदलला, ऑफिसच्या फिरतीचं बिल किती वाढवून लावलं, हे बहुधा आपल्यालाच माहीत असतं. जिथे कुणी बघत नाही तिथेही तो बघतो आहे हे धरून वागणं म्हणजे परमेश्वराचं भय. याची धास्ती फक्त दोन वजनं बाळगणाऱ्याला वाटेल. ज्याच्याकडे एकच वजन आहे त्याला उलट याच गोष्टीचा आधार वाटतो.

वचनाप्रमाणे वागलं तर देव भरभराट देईलच ना?

नाही, असं छातीठोक सांगता येत नाही. जे पाळक किंवा सभा घेणारे वक्ते तसं सांगतात त्यांनी निम्मंच बायबल वाचून दाखवलं आहे.

उद्योगी हात संपत्ती मिळवतो (१०:४) हे नीतिसूत्रांत आहे. पण गरिबाच्या शेतात पुष्कळ पिकतं आणि अन्यायामुळे ते वाहून जातं (१३:२३), हेही त्याच पुस्तकात आहे. कष्ट करूनही माणूस गरीब राहू शकतो आणि त्याचं कारण दुसऱ्या कुणाचा अन्याय असू शकतो, हे या पुस्तकाला पक्कं माहीत आहे. ‘यापेक्षा ते बरं’ अशा घडणीची वचनंही पाहा. परमेश्वराच्या भयासह थोडकं असलेलं बरं (१५:१६). प्रेमाच्या घरची भाजी बरी (१५:१७). न्यायानं मिळवलेलं थोडं बरं (१६:८). शांतपणे खाल्लेला कोरडा तुकडा बरा (१७:१). सचोटीनं चालणारा गरीब बरा (१९:१). सचोटीमुळे प्रत्येक वेळी पैसा येतच असता, तर हा सचोटीचा गरीब माणूस पुस्तकात आलाच नसता.

नीतिसूत्रे जग साधारणपणे कसं चालतं ते सांगतात. त्यांना करारपत्र समजून देवापुढे धरायचं नाही. कुणी तसं समजू नये म्हणून जवळच ईयोबाचं पुस्तक आहे. ईयोबाचे मित्र नेमकं हेच करतात: तुझ्यावर एवढं संकट आलं म्हणजे तू काहीतरी पाप केलंच असणार. शेवटी देव त्या मित्रांवरच रागावतो (ईयोब ४२:७). येशूनंही जन्मांध माणसाच्या बाबतीत शिष्यांचा हाच हिशेब मोडून काढला (योहान ९:३).

म्हणून एखाद्या बहिणीला कॅन्सर झाला, एखाद्या भावाची नोकरी गेली, तर त्यांच्या घरी जाऊन ‘विश्वास कमी पडला’ असं बोलू नये. खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी म्हणणं म्हणजे थंडीत अंगावरचं वस्त्र काढून घेणं आहे, असं २५:२० सांगतं. अशा घरी डबा घेऊन जावं, थोडा वेळ बसावं आणि कमी बोलावं.

नात्यातल्या माणसाला कर्जासाठी जामीन राहावं का? नाही म्हटलं तर नातं तुटतं.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. पतसंस्था, सोसायटी, कर्मचारी बँक, सगळीकडे दोन जामीनदार लागतात आणि मग मेहुणा किंवा ऑफिसातला जुना मित्र कागद घेऊन घरी येतो. चहा होतो, शेवटी ‘फक्त सही हवी, बाकी काही नाही’ असं वाक्य येतं.

कायदा ‘फक्त सही’ मानत नाही. भारतीय करार कायदा, १८७२, याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदारानं हप्ते थकवले तर वसुली थेट तुमच्याकडे येऊ शकते, अगदी पगारातूनही.

नीतिसूत्रे याबाबतीत जेवढी कडक आहेत तेवढी फार थोड्या गोष्टींत आहेत. ६:१–५ मध्ये बाप मुलाला म्हणतो, शेजाऱ्यासाठी शब्द देऊन अडकला असशील तर आत्ताच्या आत्ता जा, नमतं घे, गळ घाल, डोळ्याला डोळा लागू देऊ नकोस, पारध्याच्या हातून हरिण सुटतं तसा सुट. २२:२६–२७ तर थेट विचारतं, फेडायला काही नसेल तर तुझ्या अंगाखालचा बिछाना त्यांनी का काढून न्यावा? त्या बिछान्यावर तुम्ही एकटे झोपत नाही. भिडेखातर केलेली सही तुमच्या मुलांच्या फीमधून आणि आईच्या औषधांतून फेडली जाते. जामीन राहणं हे पुष्कळदा औदार्य वाटतं, पण ज्यांना विचारलंच नाही अशा घरच्या माणसांच्या जिवावर ते केलेलं असतं.

म्हणजे मदत करूच नये का? तसं अजिबात नाही. ३:२७–२८ सांगतं, देण्याजोगं जवळ असताना ‘उद्या ये’ म्हणू नकोस. पौल अनेसिम या दासासाठी त्याच्या धन्याला, फिलेमोनाला, लिहितो: त्याचं काही देणं असेल तर ते माझ्या खाती मांड, मी स्वतःच्या हातानं लिहितो, मी फेडीन. पौल भिडेनं अडकला नव्हता. तो फेडायला तयार होता. मला यातून एक सोपी कसोटी मिळते. ती सगळी रक्कम मी स्वतः भरायला तयार आहे का आणि माझ्या घरानं याला होकार दिला आहे का? दोन्हींचं उत्तर हो असेल तर सही करा. नसेल तर जमेल तेवढी रक्कम हातात द्या, परत येण्याची आशा न धरता (लूक ६:३५), आणि सहीला स्पष्ट नाही म्हणा. नातं थोडे दिवस रुसेल. थकलेल्या कर्जानं जी नाती तुटतात ती पुढे भावाच्या मयतीलाही जुळत नाहीत.

आणि स्वतःसाठी कर्ज?

बायबल कर्ज घेणं पाप ठरवत नाही. घेणारा देणाऱ्याचा दास होतो (२२:७) एवढं सत्य मात्र लपवत नाही. घरासाठी, शिक्षणासाठी, दुकान उभं करण्यासाठी विचार करून घेतलेलं कर्ज वेगळं आणि लोक काय म्हणतील म्हणून घेतलेलं वेगळं. आपल्या समाजात लग्न आणि बाप्तिस्म्याचं जेवण यांवर जो खर्च होतो, त्यातला बराचसा या दुसऱ्या प्रकारात मोडतो. मंडळीतल्या ज्येष्ठांनी साध्या लग्नांचं उघडपणे कौतुक करावं. तरुणांना खर्च कमी करायला तेवढा आधार पुरतो. आगूराची प्रार्थना (३०:८–९) लग्नाआधीच्या बोलण्यांत मी नेहमी वाचून घेतो: मला दारिद्र्यही नको, श्रीमंतीही नको, माझ्या वाट्याची भाकर दे.

घरात सतत भांडणं होतात. नीतिसूत्रे याला काय सांगतात?

सगळ्यात जास्त जागा जिभेलाच दिली आहे. मृदू उत्तरानं राग शमतो (१५:१) हे वचन संडे स्कूलपासून पाठ असतं. पण माझ्या मते घरासाठी त्याहून मोलाचं वचन १८:१३ आहे: ऐकून घेण्यापूर्वी उत्तर देणं हा मूर्खपणा आहे आणि ती लाजही आहे. नवराबायकोचं भांडण बहुतेक वेळा समोरच्याचं पहिलं वाक्य पुरं होण्याआधीच पेटतं. समोरचा काय बोलला ते आधी त्याला परत सांगायचं, ‘तुझं म्हणणं असं आहे ना?’ असं विचारायचं आणि मग आपलं बोलायचं. एवढी एक शिस्त लावून घेतलेली घरं मी बदलताना पाहिली आहेत.

त्याच अध्यायातलं १८:१७ सासू-सुनेच्या, भावाभावांच्या वादात मध्यस्थी करणाऱ्यांसाठी आहे. आपली बाजू आधी मांडणारा खरा वाटतो, दुसरा येऊन उलटतपासणी करेपर्यंत. म्हणून एकाचंच ऐकून मत बनवू नका. एकाचं ऐकून दुसऱ्यासाठी प्रार्थना सुरू करण्याचीही घाई नको.

इथे थोडं कडू बोलावं लागेल. लाकूड संपलं की आग विझते, चहाडखोर नसला की भांडण थांबतं (२६:२०). मंडळीत चहाडी पुष्कळदा प्रार्थनेच्या विनंतीचं रूप घेते. ‘अमक्या बहिणीसाठी प्रार्थना करा, घरात फार त्रास आहे, नवरा...’ असा मजकूर व्हॉट्सॲपवर सत्तर जणांच्या गटात जातो. त्या बहिणीनं तो टाकायला सांगितलं होतं का? विश्वासू मनाचा माणूस गोष्ट झाकून ठेवतो (११:१३). प्रार्थना देवापाशी करायची असते आणि त्याला त्या घराचा सगळा तपशील आधीच ठाऊक आहे.

२६:४ म्हणतं मूर्खाला उत्तर देऊ नको, २६:५ म्हणतं दे. हा विरोधाभास नाही का?

ही दोन वचनं मुद्दाम शेजारी ठेवली आहेत. एक म्हणतं, उत्तर देता देता तू त्याच्यासारखा होशील. दुसरं म्हणतं, उत्तर दिलं नाहीस तर तो स्वतःला शहाणा समजत राहील. दोन्ही खरं आहे, आणि आज यातलं काय लागू आहे हे तुम्हालाच ओळखायचं आहे. फेसबुकवर अनोळखी माणूस धर्मावरून डिवचत असेल तर बहुधा चौथं वचन. आपला पुतण्या चुकीच्या योजनेत पैसे गुंतवायला निघाला असेल तर पाचवं. वचनं पाठ असली तरी प्रसंग ओळखण्याची नजर देवाकडे मागावी लागते. ज्याला शहाणपण उणं आहे त्यानं मागावं, देव कमीपणा न दाखवता देतो, असं याकोब १:५ म्हणतं.

छडी आवरणारा मुलाचा द्वेष करतो (१३:२४). मग मुलांना मारायचं का?

या वचनाचा आधार घेऊन मुलांना पट्ट्यानं मारणारे बाप आहेत, म्हणून स्पष्ट उत्तर द्यायला हवं. या वचनाचा भर मुलाकडे दुर्लक्ष न करण्यावर आहे. वेळेवर, प्रेमानं, सातत्यानं वळण लावणं हा त्याचा गाभा. त्या काळी छडी हे शिस्तीचं नेहमीचं साधन होतं. तेच साधन आज वापरलं पाहिजे अशी सक्ती मला त्यात दिसत नाही. पौल बापांना बजावतो की मुलांना चिडवू नका (इफिसकरांस ६:४), नाहीतर ती खचतील (कलस्सैकरांस ३:२१). शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे. आपल्या ख्रिस्ती शाळांनी ती फक्त दंडाच्या भीतीनं पाळू नये.

पहिले नऊ अध्याय वाचताना एक गोष्ट जाणवते. बाप मुलाशी बोलतच राहतो. ‘माझ्या मुला’ अशी हाक पुन्हा पुन्हा देतो, कारणं सांगतो, रस्त्यावरच्या मोहाची, वाईट संगतीची, घराबाहेरच्या बाईची गोष्टही टाळत नाही. अध्याय ४ मध्ये तो स्वतःच्या बापानं काय शिकवलं तेही सांगतो. आपल्यातले किती बाप सोळा वर्षांच्या मुलाशी इतकं मोकळं बोलतात? मुलाला योग्य वळण लाव, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही, या २२:६ चंही तसंच आहे. चांगलं वळण लावलेलं मूल पुढे भरकटलं, तर आईबापांचाच दोष असं ठरवायला ते वचन वापरू नये. वर भरभराटीबद्दल म्हटलं तेच इथेही लागू आहे.

भांडखोर बायकोची वचनं उपदेशात नेहमी ऐकतो. ती स्त्रियांविरुद्ध नाहीत का?

२१:९, २१:१९ आणि २७:१५ ही वचनं आहेत, आणि ती मुलांना केलेल्या उपदेशात आली आहेत. म्हणून ती बायकोबद्दल बोलतात. मुलीला उपदेश करताना तीच गोष्ट भांडखोर नवऱ्याबद्दल सांगायची, एवढी समज वाचणाऱ्याला हवी. शिवाय तापट माणूस कलह पेटवतो (१५:१८), हे तर नवऱ्यांनाही लागू आहे.

ही वचनं घेऊन व्यासपीठावरून हशा मिळवणं थांबलं पाहिजे. याच पुस्तकात ज्ञान स्वतः स्त्रीरूपानं चौकात उभं राहून हाका मारतं (अध्याय १ आणि ८). शेवटी २२ ओवींत, हिब्रू वर्णमालेच्या क्रमानं, एका कर्तबगार स्त्रीचं वर्णन येतं. ती शेत पारखून विकत घेते, मळा लावते, व्यापार करते, गरिबाला हात देते. १ शमुवेल २५ मधली अबीगईल तर नवऱ्याच्या मूर्खपणापासून अख्खं घर वाचवते, आणि तेही नवऱ्याला न विचारता. मार खाणाऱ्या बहिणीला ‘सोस, प्रार्थना कर’ एवढाच सल्ला देणं बायबलच्या शहाणपणात बसत नाही. धोका दिसला की शहाणा आडोशाला जातो (२२:३). तिला तो आडोसा मिळवून देणं मंडळीचं काम आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाताना तिच्यासोबत कुणीतरी असलं पाहिजे.

दारूबद्दल नीतिसूत्रांचं म्हणणं काय?

२३:२९–३५ वाचा. दारुड्याचं इतकं बारकाईनं केलेलं वर्णन क्वचितच सापडतं: लाल डोळे, कारण नसताना झालेल्या जखमा, समुद्रात झोपल्यासारखं डोलणं, आणि शेवटी ‘मला मारलं पण कळलं नाही, कधी जाग येईल, मी पुन्हा तिच्याच शोधात जाईन’. व्यसनाची पकड या एका वाक्यात आहे, म्हणूनच नुसता धाक घालून दारू सुटत नाही. ३१:४–५ मध्ये लमुएलची आई सांगते की राजानं पिऊ नये, कारण तो पिऊन गरिबाचा न्याय विसरेल. पुन्हा तोच विचार: तुझ्या पिण्याची किंमत दुसराच कुणीतरी मोजतो.

व्यसनी भावासाठी प्रार्थना करा आणि त्याला उपचारालाही न्या. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करत आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभा अनेक शहरांत भरतात, कित्येक ठिकाणी चर्चच्याच खोल्यांत. उपचार घेणं म्हणजे विश्वास सोडणं नव्हे.

निर्णय घेताना देवाला विचारायचं की माणसांना?

दोघांनाही. सल्लागार पुष्कळ असले की बेत सिद्धीस जातात (१५:२२). इथ्रोनं मोशेला सांगितलं, तू एकटाच सगळ्यांचा न्याय करत बसलास तर तूही थकशील आणि लोकही थकतील (निर्गम १८). मोशे देवाशी समोरासमोर बोलणारा होता, तरी त्यानं सासऱ्याचं ऐकलं. उलट शलमोनाचा मुलगा रहबाम यानं वडीलधाऱ्यांचा सल्ला टाकून बरोबरीच्या पोरांचा घेतला, लोकांवरचं जू आणखी जड केलं आणि राज्य दुभंगलं (१ राजे १२).

‘देवानं मला सांगितलं’ असं म्हणून नोकरी सोडणारे, लग्न ठरवणारे किंवा औषध बंद करणारे लोक आपल्यात आहेत. देव बोलतो यावर माझा विश्वास आहे. म्हणूनच जे ऐकलं ते दोनतीन प्रौढ विश्वासणाऱ्यांपुढे, आणि आजाराचा प्रश्न असेल तर डॉक्टरांपुढेही, ठेवायला हरकत नसावी. जे खरोखर त्याच्याकडून आलं असेल ते प्रश्न विचारल्यानं मोडत नाही.

शलमोन एवढा शहाणा, मग तो स्वतः का घसरला?

अनुवाद या बायबलच्या पुस्तकात (१७:१६–१७) राजानं घोडे, बायका आणि सोनंरुपं वाढवू नये असं आहे. शलमोनानं तिन्ही वाढवलं. त्याच्या ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी होत्या आणि त्यांनी त्याचं मन फिरवलं (१ राजे ११). त्याच्या बांधकामांच्या वेठबिगारीनं लोक मेटाकुटीला आले होते. शहाणपण ठाऊक असणं आणि त्याप्रमाणे चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. येशूच्या दृष्टान्तातल्या दोन्ही घरमालकांनी वचन ऐकलं होतं. एकानं त्याप्रमाणे केलं, दुसऱ्यानं केलं नाही (मत्तय ७:२४–२७). तीस वर्षं उपदेश ऐकत आलेल्यांनी, आणि करत आलेल्यांनीही, हे स्वतःला विचारावं.

अशा नीतीच्या गोष्टी सगळ्याच धर्मांत आहेत. मग ख्रिस्ताची गरज काय?

पहिलं वाक्य खरं आहे आणि ते मान्य करायला ख्रिस्ती माणसानं घाबरू नये. नीतिसूत्रे २२:१७ पासूनचा भाग आमेनेमोपे या इजिप्शियन ज्ञानी माणसाच्या उपदेशाशी खूप जुळतो. तो पपायरस १९२३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा अभ्यासकांना हे साम्य दिसलं. देवाच्या लोकांनी परक्यांचं चांगलं ते घेतलं आणि परमेश्वराच्या भयाखाली ठेवलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनीही तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं म्हटलं होतं.

ख्रिस्ताची गरज शलमोनाच्या प्रश्नातच दिसते. चांगलं काय हे कळतं, पण करायची ताकद आणि चुकल्यावर उभं राहायला क्षमा, हे वचनसंग्रहातून मिळत नाही. पौल ख्रिस्तालाच देवाचं ज्ञान म्हणतो (१ करिंथकरांस १:२४). मला त्याचा अर्थ असा लागतो: नीतिसूत्रे ज्या माणसाचं चित्र काढतात, ज्याच्या असण्यानं नगर आनंद करतं, तो माणूस नासरेथात जगून गेला. आता तो आपल्याला हात धरून चालवतो.

वाचायला सुरुवात कुठून करू?

३१ अध्याय आहेत, म्हणून तारखेप्रमाणे रोज एक वाचायची रीत बऱ्याच घरांत आहे. ती चांगली आहे. पण दहाव्या अध्यायापासून एका दमात तीस वचनं वाचली की एकही लक्षात राहत नाही. तिथून पुढे आठवड्याला एकच वचन घ्या आणि ते कुणाच्या बाबतीत पाळायचं त्या माणसाचं नाव मनात धरा. भाषा जड वाटली तर सोप्या मराठीतलं भाषांतर घ्यायला संकोच करू नका. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं भाषांतर साध्या, कमी शिकलेल्या बायकांनाही समजावं म्हणूनच केलं होतं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर त्यांचं ते काम चालूच होतं.

घरात मी एकटीच विश्वासणारी आहे. सासरच्यांपुढे हे कसं जगू?

वचनं ऐकवत बसू नका. भल्या पहाटे मोठ्यानं आशीर्वाद देणाऱ्या शेजाऱ्याचा आशीर्वाद शाप वाटतो (२७:१४), हे सकाळी मोठ्या आवाजात गाणी लावणाऱ्या प्रत्येक विश्वासणाऱ्यानं वाचावं. सासूबाईंच्या औषधांच्या वेळा सांभाळा. जावेबद्दल कुणी बोलायला लागलं की विषय बदला. घरखर्चाचा हिशेब चोख आणि उघडा ठेवा. ज्यांनी दुखावलं त्यांनाही भूक लागली की वाढा (२५:२१). जिथे तुमच्या विश्वासाविरुद्ध काही करायला सांगतील तिथे शांतपणे, एकदाच, नाही म्हणा आणि त्यावरून वाद वाढवू नका. पण मारहाण किंवा छळ होत असेल तर वर अबीगईलबद्दल लिहिलं आहे ते पुन्हा वाचा आणि मंडळीतल्या एखाद्या भरवशाच्या बाईला आजच फोन करा.